बँडसॉवर सरळ काप कसा घ्यावा: नव्याने लाकूडकाम शिकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं घरच्या वर्कशॉपमध्ये मावणारा १४ इंची बँडसॉ समोर ठेवून लिहिली आहेत. बँडसॉ म्हणजे वर-खाली दोन चाकांवर फिरणाऱ्या, टोकं जोडलेल्या पट्टीसारख्या पात्याची करवत; १४ इंच हे चाकाचं माप. ९-१० इंची छोट्या मशीनलाही यातलं बहुतेक लागू पडतं. जिथे फरक आहे तिथे तसं सांगितलं आहे. पाती आपल्याकडे इंचात आणि सुतात मागायची असतात (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), आणि फळीची जाडी बहुतेक जण मिलिमीटरमध्ये मोजतात, म्हणून मापं दोन्हींत दिली आहेत.

रेघ सरळ मारली, फेन्स (फळी टेकवून सरकवायची टेबलावरची सरळ पट्टी) घट्ट लावली, तरी काप बाजूला जातो. असं का होतं?

बँडसॉचं पातं ही अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीची लवचीक पोलादी पट्टी आहे. टेबलाच्या वर आणि खाली गाइड तिला आधार देतात, पण लाकूड जिथे कापलं जातं त्या मधल्या भागात तिला कुणीच धरलेलं नसतं. गोल करवतीची चकती ताठ असते, तिला फेन्सने दिशा दाखवली की ती तशीच जाते. बँडसॉचं पातं मात्र जिकडे कमी विरोध मिळेल तिकडे वळतं. त्याला सरळ ठेवणाऱ्या गोष्टी तीन: दोन्ही बाजूंचे दात सारखे कापणारे असणं, पुरेसा ताण, आणि भुसा बाहेर पडायला मिळणारी सवड.

मशीनचा एकही स्क्रू हलवण्याआधी कापलेला तुकडा उजेडात धरून नीट बघा. प्रत्येक काप एकाच बाजूला, साधारण एकाच कोनात सरकत असेल, तर पात्याची ओढ त्या बाजूला आहे. काप कधी डावीकडे, कधी उजवीकडे भरकटत असेल, तर पातं बोथट आहे, दात कामाच्या मानाने बारीक आहेत किंवा तुम्ही फार जोरात ढकलताय. वरची आणि खालची कड रेघेवर आहे पण मध्ये पोट आलंय, तर पातं आत धनुष्यासारखं वाकलंय. काप वरून सरळ दिसतो पण गुण्या लावला की तिरका निघतो, तर टेबल पात्याशी काटकोनात नाही. या चार दोषांचे उपाय चार वेगळे आहेत. नव्या माणसाचा सगळा वेळ जातो तो एका दोषावर दुसऱ्याचा उपाय करण्यात, आणि तो उपाय बहुतेक वेळा फेन्स हलवण्याचाच असतो.

ओढ भरून काढायला फेन्स तिरकी करावी, असं सांगतात. ते बरोबर आहे का?

त्याने काम होतं, पण मी तो शेवटचा उपाय मानतो.

ओढ मोजण्याची रीत सोपी आहे. फूट-दीड फूट लांबीची, एक कड रंधून सरळ केलेली फळी घ्या. त्या कडेला समांतर रेघ मारा आणि फेन्स न लावता, हाताने, रेघेवर निम्म्यापर्यंत कापत जा. रेघ धरून ठेवायला फळी हळूहळू किंचित तिरकी धरावी लागते, ते हाताला कळतं. निम्म्यावर फळी न हलवता मशीन बंद करा, पातं पूर्ण थांबू द्या आणि फळीच्या सरळ कडेलगत टेबलावर पेन्सिलने रेघ ओढा. ही रेघ आणि टेबलावरची मायटरची खोबण (आडव्या कापासाठी फळी कोनात धरणारा मायटर गेज जिच्यात सरकतो ती सरळ खाच) यांच्यातला कोन म्हणजे त्या पात्याची त्या दिवसाची ओढ. फेन्स त्या रेघेला समांतर लावली की काप सरळ येतो.

“त्या दिवसाची” हे शब्द महत्त्वाचे. पातं बदललं की कोन बदलतो, तेच पातं झिजत गेलं तरी बदलतो, आणि वरच्या चाकाची कलती किल्ली जराशी फिरवली तरी बदलतो. शिवाय फेन्स तिरकी असली की मायटर गेज तिच्याशी जुळत नाही आणि आडवे कापही चुकायला लागतात. म्हणून क्रम असा ठेवा: धारदार आणि कामाला योग्य दातांचं पातं लावा, ते चाकावर योग्य जागी धावतंय का बघा, फेन्स मायटरच्या खोबणीला समांतर करा आणि एक चाचणी-काप घ्या. बऱ्याचदा ओढ इथेच संपते. दोन-तीन चांगल्या पात्यांवरही तीच ओढ तेवढीच राहिली, तर टेबलाखालचे बोल्ट सैल करून टेबलच तेवढ्या कोनात फिरवून घ्या. मग खोबण, फेन्स आणि पातं तिघंही एका दिशेला येतात.

एकाच पात्याला जुनी ओढ असेल तर आणखी एक उपाय आहे. ज्या बाजूला पातं ओढतं, त्या बाजूचे दात जास्त बाहेर आलेले किंवा जास्त धारदार असतात. बारीक ऑईल स्टोन टेबलावर टेकवून, मशीन चालू असताना त्या बाजूच्या दातांना क्षणभर, अगदी हलका स्पर्श द्या आणि पुन्हा काप घेऊन बघा. ठिणग्या उडतात, त्यामुळे आधी आतला भुसा पूर्ण काढा आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

सरळ कापासाठी कुठलं पातं घ्यावं?

मशीनवर पैसे खर्च झाल्यावर लोक पात्यात काटकसर करतात. सरळ कापाच्या बाबतीत ही सगळ्यात महाग पडणारी काटकसर आहे. नव्या मशीनबरोबर आलेलं पातं बाजूला ठेवा आणि अर्धा इंच, म्हणजे चार सूत रुंदीचं, इंचाला ३ दातांचं नवं पातं आणा. १४ इंची मशीनचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

रुंदीचा हिशेब असा. रुंद पातं वळायला तयार नसतं, म्हणून सरळ जातं. दोन सुती पात्याने साधारण १६ मिलिमीटर त्रिज्येचं वळण घेता येतं, चार सुती पात्याला ६४ मिलिमीटरच्या आसपास त्रिज्या लागते. खेळण्यांचे आकार कापायला जे पातं उत्तम, तेच फळी चिरताना जागच्या जागी वळतं आणि रेघ सोडतं. मात्र रुंद पात्याला ताणही जास्त लागतो. बऱ्याच १४ इंची मशीनच्या माहितीपत्रकात पाऊण इंची पातं चालेल असं लिहिलेलं असतं. ते चाकावर बसतं, पण त्याला पुरेसा ताण देण्याची ताकद स्प्रिंगमध्ये आणि फ्रेममध्ये क्वचितच असते. कमी ताणलेल्या पाऊण इंची पात्यापेक्षा नीट ताणलेलं अर्धा इंची पातं जास्त सरळ कापतं. ९-१० इंची मशीनला तीन सुती, पातळ पाठीचं पातं घ्या; छोट्या चाकावर जाड पातं वारंवार वाकून तडकतं.

आता दात. प्रत्येक दात लाकडातून जाताना कापलेला भुसा आपल्या पुढच्या खाचेत साठवून खालपर्यंत नेतो. सहा इंच उंचीची फळी चिरताना त्याला पूर्ण सहा इंच भुसा वाहायचा असतो. दात बारीक असले की खाच छोटी, ती वाटेतच भरते, आणि पुढे दात लाकडाला टेकूच शकत नाही. तुम्ही आणखी जोर लावता, पातं वाकतं. म्हणून लाकडात एका वेळी कमीत कमी तीन दात असावेत आणि चोवीसच्या वर नसावेत, असा अंदाज धरा. सहा इंच उंचीला इंचाला ३ दात म्हणजे अठरा दात, ठीक. तेच इंचाला ६ घेतले तर छत्तीस, म्हणजे पातं गुदमरणार. उलट १८ मिलिमीटरच्या फळीला इंचाला ६ दात छान चालतात. ३ दातांचं पातं तिथे कड ओरबाडतं.

पातं विकत घेताना लांबी बिनचूक सांगा. दोन सारख्या चाकांच्या मशीनला लांबी म्हणजे चाकाचा पूर्ण परीघ अधिक दोन्ही चाकांच्या केंद्रांमधलं अंतर दोनदा. वरचं चाक त्याच्या सरकण्याच्या साधारण मध्यावर आणून मोजा. जुन्या अमेरिकी घडणीच्या १४ इंची मशीनना साडेत्र्याण्णव इंची, म्हणजे २,३७५ मिलिमीटरचं पातं लागतं, आणि त्या घडणीची मशीन आजही जगभर बनतात. मुंबईत नागदेवी आणि पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीच्या भागात हत्यारांची दुकानं धुंडाळलीत तर गुंडाळीतून कापून, मापाने वेल्ड करून पातं देणारे भेटतात. वेल्ड करून घेतलेलं पातं तिथेच सपाट जमिनीवर उभं धरून पाठीची रेघ बघा. सांध्यापाशी कोन पडलेला दिसला तर घेऊ नका.

पातं चाकावर नेमकं कुठे धावायला हवं?

चाकावरची रबरी पट्टी मध्ये किंचित उंच आणि दोन्ही कडांना उतरती असते. पातं मध्यावर असलं तर त्याचे दात सरळ समोर बघतात. ते पुढच्या कडेकडे सरकलं की पुढच्या उतारावर टेकतं, आणि दातांचं तोंड अंशभर बाजूला वळतं. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. कापात दिसतो.

अमेरिकेत बँडसॉ शिकवणारे अ‍ॅलेक्स स्नॉडग्रास यांची पद्धत अशी, की दातांमधल्या खाचेचा तळ वरच्या चाकाच्या बरोबर मधोमध आणायचा. अर्धा इंचापर्यंतच्या पात्यांना मला ती मानवली आहे. प्लग काढून ठेवा, दोन्ही गाइड आणि पात्याला मागून टेकू देणारं बेअरिंग लांब सरकवा, पातं ताणा, वरचं चाक हाताने फिरवत मागची कलती किल्ली थोडी थोडी फिरवा आणि पातं कुठे स्थिरावतं ते बघा. मग किल्लीचा नट आवळा. या कामात घाई नको. चाकाचे चार-पाच फेरे झाल्यावरच पात्याची खरी जागा कळते. पट्टीवर भुसा आणि डिंक चिकटून उंचवटे झाले असतील तर आधी खरवडून काढा.

ताण किती द्यायचा? मशीनवरचा काटा विश्वासाचा आहे का?

काटा स्प्रिंग किती दबली ते दाखवतो, पात्यात ताण किती आला ते नाही. सुरुवातीला त्याचा उपयोग आहे, स्प्रिंग जुनी झाली की कमी.

वरचा गाइड टेबलापासून १५० मिलिमीटर वर न्या. प्लग काढलेला असताना पात्याच्या मध्यावर बोटाने बाजूने मध्यम जोर द्या. सहा मिलिमीटरच्या आत सरकलं तर सरळ कापाला ताण पुरे. दुसरी रीत चालू मशीनवरची आहे: गाइड लांब, दारं बंद, मशीन सुरू करून समोरून पात्याकडे बघा. ताण कमी असेल तर पातं थरथरतं आणि त्याची कड पुसट दिसते. थरथर पूर्ण थांबेपर्यंत ताण वाढवा आणि वर पाव फेरा आणखी द्या.

काम संपलं की ताण सोडा. रात्रभर ताणलेल्या पात्याने रबरी पट्टीला खाच पडते आणि स्प्रिंग बसते.

गाइड पात्याच्या किती जवळ असावेत?

बाजूचे गाइड एका साध्या कागदाच्या जाडीइतके लांब, आणि दातांच्या खाचेच्या जरा मागे. पुढे आले तर दातांचा सेट, म्हणजे दातांना दोन्ही बाजूंना बाहेर दिलेला बाक, घासून जातो आणि ते पातं पुन्हा सरळ कापत नाही. मागचं बेअरिंग पात्यापासून सुमारे अर्धा मिलिमीटर मागे: रिकाम्या मशीनला ते फिरता कामा नये, लाकूड टेकलं की फिरायला लागावं. टेबलाखालच्या गाइडनाही हेच माप लागतं, आणि तिथे वाकून बघायचा कंटाळा केला जातो म्हणून मुद्दाम लिहितोय.

वरचा गाइड दर कापाला लाकडाच्या वर दोन सूत अंतरावर आणा. उघडं पातं जितकं लांब, तितकं ते वाकतं, आणि बोटांनाही तितका धोका.

टेबल काटकोनात आहे हे कसं तपासायचं?

गुण्या पात्याला लावताना तो दातांवर टेकू देऊ नका. दात बाहेर वाकलेले असतात, त्यावर टेकवला की माप चुकतं. खाचेच्या मागच्या सपाट भागाला लावा आणि मागून उजेड धरा.

यापेक्षा खात्रीची चाचणी लाकडाची आहे. साधारण ७५ मिलिमीटर उंचीच्या, चारही बाजू रंधलेल्या तुकड्यावर अर्धा इंच आत जाणारा काप घ्या आणि मशीन बंद करा. आता तोच तुकडा वरचा खाली करून पात्याच्या मागच्या बाजूला न्या आणि कापाची फट पात्याच्या पाठीवर बसते का बघा. टेबल काटकोनात असेल तर पाठ वरपासून खालपर्यंत फटीत सरकते. नसेल तर वर किंवा खाली अडते, आणि दिसणारी चूक खऱ्या चुकीच्या दुप्पट असते, त्यामुळे बारीक फरकही लपत नाही.

फेन्स न लावता, नुसत्या रेघेवर सरळ कसं कापायचं?

पात्याकडे बघू नका. पात्याच्या पुढे पाऊण-एक इंचावर रेघ जिथे आहे तिथे नजर ठेवा. रेघेच्या बाहेर, टाकाऊ बाजूला एक मिलिमीटर सोडून कापा; तेवढं रंध्याला लागतंच. काप सरकला तर फळी झटक्याने परत आणू नका, कारण पातं वळायला वेळ घेतं आणि मग पलीकडे जातं. पुढच्या दोन इंचांत हळूहळू रेघेवर या. एक हात फळीला दिशा देतो, दुसरा ढकलतो. दोन्ही हातांनी दोन्ही कामं करायला गेलं की फळी डुलते.

अर्ध्या कापातून फळी मागे घ्यायची वेळ आली तर मशीन बंद करून, पातं थांबल्यावर घ्या. चालू मशीनवर मागे ओढली तर पातं चाकावरून उतरू शकतं.

उंच फळी उभी चिरताना मध्ये पोट येतं. ताण वाढवला तरी जात नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्याचं उत्तर ताणापेक्षा भुशात जास्त आहे. पातं आत वाकतं कारण पुढून त्याच्यावर लागणारा जोर त्याच्या ताठपणापेक्षा जास्त होतो. तो जोर तुमच्या हाताचा असतो, आणि हात जोर लावतो कारण दात नीट कापत नाहीयेत. म्हणजे आधी दात: धारदार, इंचाला ३, मोठ्या खाचांचे. मग वेग.

सहा इंच रुंदीच्या कोरड्या सागाच्या फळीतून दोन पातळ फळ्या काढायच्या आहेत असं धरा. एक रुंद बाजू आणि तिला लागून असलेली एक कड रंधून एकमेकींशी काटकोनात आणा. रंधलेली बाजू फेन्सला, रंधलेली कड टेबलावर. फेन्स चार-पाच इंच उंच हवी. मशीनची फेन्स बुटकी असेल तर तिला प्लायची सरळ पट्टी बोल्टने जोडा. वरच्या टोकाला मध्यरेघ मारून ठेवा. मशीन पूर्ण वेगात आल्यावर फळी पात्याला टेकवा आणि पहिला एक इंच अगदी हळू घ्या, कारण पात्याने एकदा वाट पाडली की पुढे ते त्याच वाटेने जातं. फळी फेन्सला दाबायची ती पात्याच्या अलीकडे. पात्याच्या शेजारी किंवा पलीकडे दाबलं तर फट मिटते आणि पातं आवळलं जातं. आवाज ऐका. बरोबर वेगाला एकसारखी, भरीव घरघर असते आणि टेबलाखाली भुशाची धार अखंड पडत राहते. मोटरचा सूर खाली आला की हात सैल करा. एक फूट चिरायला अर्धं ते एक मिनिट लागलं तर ते हळू नव्हे. १ हॉर्सपॉवरच्या मशीनला सागात तेवढा वेळ द्यावाच लागतो. शेवटचे तीन-चार इंच पुशस्टिकने ढकला, हाताने नाही.

उघडलेल्या दोन फळ्यांवर करवतीच्या बारीक आडव्या रेघा दिसतील. त्या दोष नाहीत. दर बाजूला एक-दीड मिलिमीटर रंध्यासाठी धरूनच माप घ्यायचं असतं. बँडसॉमधून थेट पॉलिशला जाणारा पृष्ठभाग मागणं या मशीनवर अन्याय आहे.

वखारीतला बँडसॉ अख्खा ओंडका सरळ चिरतो. मग माझ्याच मशीनला काय होतं?

वखारीतलं पातं चार-पाच इंच रुंद असतं आणि त्याला लागणारा ताण देणारी चाकं, फ्रेम त्या मापाची असतात. पण मला तिथली खरी शिकण्याची गोष्ट वेगळी वाटते. तिथे पातं काही तासांच्या कामानंतर उतरवतात आणि धार लावायला पाठवतात. दुसरं तयार असतं. धार आणि सेट बघणारा माणूस मशीन चालवणाऱ्याइतकाच महत्त्वाचा असतो. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये किंवा तुमच्या गावच्या वखारीत जाऊन धार लावण्याचं काम एकदा उभं राहून बघा, विचारा. जुने मिस्त्री मनापासून सांगतात. घरी आपण एकच पातं महिनोन्‌महिने वापरतो आणि काप वाकडा झाला की फेन्सला दोष देतो.

सागाने पातं लवकर बोथट होतं, हे खरं आहे का?

हो. सागाच्या लाकडात सिलिका, म्हणजे वाळूतलंच द्रव्य, बारीक कणांच्या रूपात असतं आणि ते धार खातं. साग हाताला मऊ लागतो, पण साध्या कार्बन पोलादाच्या पात्याची धार त्यावर लवकर जाते. जास्त सागकाम असेल तर बायमेटल (लवचीक पाठीवर जास्त कडक पोलादाचे दात असलेलं) पातं घ्या. कार्बाइड दातांचं पातं आणखी टिकतं, पण ते जाड आणि ताठ असतं, छोट्या मशीनला ते पुरेसं ताणता येत नाही. बाभूळ आणि शिसव वेगळ्या कारणाने जड जातात: लाकूडच कठीण. जुन्या दारा-चौकटींचं लाकूड चिरायचं असेल तर आधी लोहचुंबक फिरवा, आत तुटलेला खिळा असतो. एका खिळ्याने एका बाजूचे दात गेले की त्या पात्याला कायमची ओढ लागते.

धार गेली हे कसं ओळखायचं? भुशाऐवजी पिठासारखी धूळ पडते, कापाच्या कडा काळवंडतात, जळका वास येतो आणि पूर्वी आपोआप पुढे जाणारी फळी ढकलावी लागते.

चालू मशीनमधून टक्‌टक्‌ आवाज येतो आणि कापावर सारख्या अंतरावर खुणा उमटतात. हे काय आहे?

बहुधा वेल्डचा सांधा. लाकडासाठी पातं मिनिटाला ९०० मीटरच्या आसपास धावतं. २,३७५ मिलिमीटरचं पातं म्हणजे सांधा सेकंदाला सहाएक वेळा गाइडमधून जातो. मिनिटाला एक मीटर वेगाने फळी ढकललीत तर दर अडीच मिलिमीटरला एक खूण येते. प्लग काढा, पातं हाताने फिरवून सांधा गाइडपाशी आणा आणि बोटाने, दातांपासून लांब, पाठ व बाजू चाचपा. उंचवटा लागला तर बारीक कानशीने सपाट करा. सांधाच तिरका असेल तर पातं परत करा.

बँडसॉचा सगळा इतिहास या सांध्याशी बांधलेला आहे. इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी यांनी १८०८ साली या यंत्राचं पेटंट घेतलं, पण वाकण्याचा सततचा ताण सोसेल असा सांधा तेव्हा जमत नव्हता आणि यंत्र बाजूला पडलं. १८४६ साली फ्रान्समध्ये अ‍ॅन पॉलीन क्रेपँ या बाईंनी पातं जोडण्याची टिकाऊ रीत पेटंट केली, तेव्हा कुठे बँडसॉ कामाचा झाला.

काप सरळ आला, पण चिरलेल्या फळ्या दुसऱ्या दिवशी वाकल्या. मशीनची चूक?

नाही, लाकडाची. जाड फळीचा बाहेरचा भाग आधी सुकतो, आत ओल राहते. चिरल्यावर ओला पृष्ठभाग उघडा पडतो आणि तो आकसताना फळी वळते. पावसाळ्यात, त्यातही कोकणात, हे जास्त जाणवतं. काही लाकडांत वाढीचा ताण असतो, तो चिरताक्षणी सुटतो; काप चालू असतानाच फट मिटून पातं आवळलं गेलं तर हेच कारण समजा आणि मशीन बंद करून फटीत पाचर मारा. मापापेक्षा जाड चिरा, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून फळ्या रचा, वर वजन द्या आणि आठवडाभराने शेवटच्या मापाला रंधा.

पावसाळ्यात बिडाच्या टेबलालाही गंज चढतो आणि फळी अडकत पुढे सरकते. काम झालं की मेणाचा पातळ हात द्या.

सुरक्षिततेसाठी किमान काय पाळायचं?

हातमोजे नकोत, ओढणी आणि सैल बाही नको, चष्मा आणि मास्क हवा. सागाची धूळ काहींना त्वचेला आणि घशाला त्रास देते. हात पात्याच्या रेषेत कधीच ठेवायचा नाही, बाजूला ठेवायचा, कारण गाठ संपली की फळी अचानक पुढे झेपावते. गोल लाकूड तसंच कापू नका. पातं त्याला गरकन फिरवतं आणि हात आत खेचला जातो. त्याला व्ही आकाराच्या खाचेत बसवून धरा. पातं तुटल्याचा आवाज आला तर मागे व्हा, स्विच बंद करा आणि चाकं पूर्ण थांबेपर्यंत दार उघडू नका.

सरावाला कुठलं लाकूड घ्यावं?

पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन किंवा कोरडा आंबा, बिनगाठीचा, ४०-५० मिलिमीटर जाड. पाइनमधले खिळे काढून घ्या. दर १० मिलिमीटरला रेघ मारून आधी फेन्सशिवाय पट्ट्या काढा, मग फेन्स लावून काढा. व्हर्नियरने प्रत्येक पट्टी चारही कोपऱ्यांत मोजा आणि आकडे पट्टीवरच लिहा: वर-खाली फरक आला तर टेबल, पुढे-मागे आला तर ओढ किंवा तुमचा हात. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत यायला लागला की साग चिरायला घ्या.